व्हायोलाखाली गिटार दबते तेव्हा: दोघांच्या दौऱ्याची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक क्लासिकल गिटार आणि एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खर्जाकडचं, गजाने वाजवायचं वाद्य) अशी तुमची जोडी आहे. अकरा दिवसांत सहा ठिकाणी मैफली ठरल्या आहेत. सरावाच्या खोलीत सगळं जुळतं, पण आधीच्या दोन छोट्या कार्यक्रमांत मागच्या रांगांतून 'गिटार ऐकूच आली नाही' अशी तक्रार आली. म्हणून माइक घ्यावा का, कार्यक्रमात काय ठेवावं आणि प्रवासात वाद्यं कशी सांभाळावीत, हे तुम्ही विचारलं आहे.

माइकचा निर्णय मी शेवटी घेईन. आधी गिटार का दबते ते पाहू, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरंही त्यातूनच निघतात. एक गोष्ट आधीच कबूल करतो: तुमची वाद्यं मी ऐकलेली नाहीत. व्हायोलाला ठरावीक माप नसतं. ३९ सेंटिमीटर लांबीच्या खोडाचा व्हायोला आणि ४२ सेंटिमीटरचा व्हायोला यांचा खर्ज वेगळा असतो. गिटारही हलक्या जाळीदार बांधणीची असेल तर जुन्या पद्धतीच्या गिटारपेक्षा पुष्कळ पुढे बोलते. त्यामुळे खाली दिलेले आकडे सुरुवातीपुरते धरा आणि कानाने दुरुस्त करा.

व्हायोलाच्या तारा खालून सी, जी, डी, ए. त्यातली सी म्हणजे गिटारच्या पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला मिळणारा सूर, आणि जी म्हणजे गिटारची मोकळी तिसरी तार. व्हायोला खालच्या दोन तारांवर गात असतो तेव्हा तो गिटारच्या कॉर्डच्या पोटातच बसलेला असतो. बासरी किंवा व्हायोलिन गिटारच्या वरून निघून जातं, तसं इथे होत नाही. शिवाय गिटारचा सूर छेडल्याक्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच उतरू लागतो, तर गजाचा सूर धरला की भरत जातो. श्रोत्याला गिटारचा ठोका कळतो, पुढचा नाद व्हायोलाखाली जातो. मागच्या रांगेत ठोकाही अंधुक होतो, आणि मग 'ऐकूच आली नाही' हे शब्द येतात.

यावर गिटारवादकाने जोर लावावा, हे सगळ्यांना आधी सुचतं. त्यातून फारसं निघत नाही. ध्वनीची ऊर्जा दुप्पट केली तरी वाढ होते ३ डेसिबलची, आणि कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. नायलॉनची तार तिथवर पोहोचण्याआधीच फ्रेटवर खडखडू लागते. उलट व्हायोलावादकाने गज घोडीपासून दोन बोटं वर, फिंगरबोर्डच्या दिशेने सरकवला आणि हाताचं वजन काढून घेतलं, की तेवढाच फरक विनासायास पडतो. गिटारवादकाने करायचंच असेल तर उजवा हात थोडा घोडीकडे न्यावा. सूर किंचित धारदार होतो, आणि आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असल्यामुळे ती धार लांबवर ऐकू येते. नेहमीच्या खोलीत थोडा कडक वाटणारा सूर सभागृहात बहुतेक वेळा बरोबर बसतो.

आता स्वरलिपी काढा आणि पेन्सिल घ्या. व्हायोला खालच्या दोन तारांवर आहे असे सगळे भाग कंसात घ्या. त्या कंसांत गिटारच्या कॉर्डमधले व्हायोला आधीच वाजवतो आहे ते सूर काढून टाका. सहा सुरांची कॉर्ड तीनवर आली तरी चालते: एक खाली, दोन वर, मधली जागा व्हायोलासाठी मोकळी. गिटारच्या खालच्या तारांवर जवळजवळचे सूर ठेवू नका, तिथे चिखल होतो. जिथे चाल गिटारकडे आहे तिथे व्हायोलाने एक लांब फिकट सूर धरावा, नाहीतर पिझिकाटो करावं (गज बाजूला ठेवून बोटाने तार छेडावी), नाहीतर सरळ थांबावं. थांबणं हाही पर्याय आहे, हे दुसऱ्या वाद्यांचं संगीत अशा जोडीसाठी बेतणाऱ्या अनेक रूपांतरकारांच्या लक्षात येत नाही. दोघांना सतत काम दिलं नाही तर पैसे वसूल होत नाहीत, अशा समजुतीने लिहिलेली रूपांतरं बाजारात बरीच आहेत.

सूत असण्याचा, म्हणजे एकत्र पडण्याचा, प्रश्नही इथलाच. गिटारचा सूर क्षणात उभा राहतो, गजाला तार बोलती करायला किंचित वेळ लागतो, खर्जात तर जास्तच. दोघांनी एकाच क्षणी हात टाकला तर व्हायोला उशिरा आल्यासारखा वाटतो. म्हणून गज आधीच तारेवर टेकलेला असावा, सुरुवात स्पष्ट व्यंजनासारखी व्हावी, आणि इशारा गिटारवादकाच्या श्वासाचा असावा. एकत्र संपणाऱ्या लांब सुरांत व्हायोलाने गिटारच्या उतरणीबरोबर उतरायचं. गिटार विझल्यावरही व्हायोला वाजत राहिला, तर श्रोत्याला गिटारवादकाने काहीतरी चुकवल्यासारखं वाटतं.

बसण्याच्या जागेबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे फुकटात सर्वांत जास्त मिळतं. श्रोत्यांकडे तोंड करून बसलेल्या गिटारवादकाची मान, म्हणजे गिटारची, त्याच्या डाव्या हाताकडे जाते आणि नजरही बहुतेक वेळ तिकडेच असते. गिटार श्रोत्यांच्या डाव्या बाजूला बसवली तर जोडीदार बरोबर त्या नजरेच्या रेषेत येतो. व्हायोला मग श्रोत्यांच्या उजव्या बाजूला. तिथे आत वळून बसलेल्या व्हायोलाचा वरचा पृष्ठभाग आणि त्यावरची 'एफ' आकाराची छिद्रं रंगमंचाच्या मागच्या भिंतीकडे झुकतात. तंतुवाद्यांच्या चौकडीत वाजवणारे व्हायोलावादक याच जागेबद्दल कुरकुरतात. तुम्हाला मात्र नेमकं हेच हवं आहे: व्हायोलाची धार मागे जाते, मऊ भाग श्रोत्यांकडे येतो, आणि वादकाला सतत हात आखडून वाजवावं लागत नाही.

खुर्च्यांमध्ये एक ते सव्वा मीटर अंतर ठेवा आणि गिटारची खुर्ची ३० ते ४० सेंटिमीटर पुढे. गिटारचं तोंड जवळजवळ थेट श्रोत्यांकडे, व्हायोला आत वळलेला. व्हायोलावादकाने बसूनच वाजवावं. उभं राहिलं की वाद्य वर जातं आणि सगळा हिशेब बिघडतो. मागच्या भिंतीला जड पडदा असेल, किंवा सभागृह गालिचे आणि गाद्यांच्या खुर्च्यांनी कोरडं झालं असेल, तर व्हायोला या जागेवरून निस्तेज वाटतो. अशा ठिकाणी जागा उलट करा आणि गजाने सांभाळा. दोन्ही मांडण्यांचा सराव घरीच करून जा. पहिल्यांदा उलट बसायची वेळ मैफलीच्या दिवशी आली तर इशारे चुकतात.

सुरात लावण्याबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. व्हायोलावादक एकट्याने लावतो तेव्हा शुद्ध पंचमांनी लावतो. शुद्ध पंचम ७०२ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), गिटारच्या फ्रेटमधला पंचम ७०० सेंटचा. ए-पासून खाली तीन पंचम उतरले की सी-तार गिटारच्या सी-पेक्षा सुमारे ६ सेंटने खाली राहते. एकट्याने वाजवताना हे कळत नाही, पण गिटारच्या कॉर्डखाली मोकळी सी-तार लागली की खुपते. म्हणून चारही तारा गिटारवरूनच लावाव्यात: सी पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून, जी मोकळ्या तिसऱ्या तारेवरून, डी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून आणि ए पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरून. ए-साठी पाचव्या तारेवरचं पाचव्या फ्रेटचं हार्मोनिकही (तार न दाबता, बोट हलकेच टेकवून काढलेला सूर) चालतं, तो नेमका तोच सूर आहे. सातव्या फ्रेटच्या हार्मोनिकवरून मात्र काही लावू नका, त्यात तोच २ सेंटचा फरक लपलेला असतो. गिटारवादकाने स्वतःची गिटार ट्यूनरवर लावावी आणि क्रमाने गिटार आधी, व्हायोला नंतर.

रंगमंचाच्या दिव्यांखाली नायलॉन सरकतं. वाद्य उघडून निदान २० मिनिटं त्याच उजेडात राहू द्या, मग लावा. तारा बदलायच्या असतील तर दौरा सुरू होण्याच्या तीन-चार दिवस आधी बदला, मैफलीच्या दिवशी कधीच नाही. दौऱ्याच्या मध्यावर फक्त गिटारच्या खर्जाच्या गुंडाळलेल्या तीन तारा बदलाव्या लागतील. त्या लवकर मंद होतात आणि लवकर स्थिरही होतात.

कार्यक्रमात काय ठेवावं हेही याच कसोटीवर ठरवा. या दोनच वाद्यांसाठी मुळात लिहिलेलं संगीत तुलनेने थोडं आहे. १८००च्या सुमाराचं बरंचसं संगीत बासरी, व्हायोला आणि गिटार अशा तिघांचं आहे, उदाहरणार्थ मातिएग्काचं १८०७मधलं नॉक्टर्नो, ओपस २१. त्यात व्हायोला मधला भराव असतो. बासरी काढून दोघांनी वाजवायला गेलात तर पोकळ वाटतं. त्यामुळे तुमचा कार्यक्रम मुख्यतः रूपांतरांचाच असणार, त्यात कमीपणा काही नाही.

कणा म्हणून शूबर्टचा आर्पेजिओने सोनाटा (त्याच्या रचनांच्या सूचीत डी ८२१) घ्या. १८२४मध्ये तो ज्या वाद्यासाठी लिहिला, ते आर्पेजिओने नावाचं वाद्य व्हिएन्नाच्या श्टाउफर या कारागिराने १८२३च्या सुमारास बनवलं होतं: सहा तारांचं, फ्रेट असलेलं, गिटारसारखंच लावलेलं, पण गजाने वाजवायचं. ते वाद्य लवकरच मागे पडलं आणि सोनाटा छापला गेला थेट १८७१मध्ये. त्याचे तीन भाग ए मायनर, ई मेजर आणि ए मेजर अशा सुरांत आहेत, म्हणजे गिटारच्या मोकळ्या तारांना सोयीच्या. पियानोची साथ गिटारवर येताना खालची दुहेरी सप्तकं जातात आणि पोत हलका होतो. तुमच्या जोडीला तो फायदाच. सगळा मिळून २० ते २५ मिनिटांचा होतो. आदाजोमध्ये, म्हणजे मधल्या संथ भागात, एक सापळा आहे: सरावात आवडणाऱ्या संथ लयीत गिटारचे लांब सूर पुढचा सूर येण्याआधीच विझतात. लय किंचित पुढे ठेवा.

पियाझोलाचं 'हिस्टुआर द्यु तांगो' (१९८६) मूळ बासरी-गिटारचं. व्हायोलावर आणताना अवघड उंच जागा सप्तकभर खाली घ्यायचा मोह होतो. सगळं खाली आणलंत तर व्हायोला पुन्हा गिटारच्या पोटात जाऊन बसतो, म्हणून खरोखर अडतं तेवढंच वाक्य उतरवा आणि उतरवताना पूर्ण वाक्य उतरवा, मधूनच नाही. व्हिला-लोबोसच्या बाकियानास ब्राझिलेइरास क्रमांक ५मधल्या आरियाचं गायन-गिटार रूपांतर खुद्द संगीतकारानेच केलं आहे. त्यातली गायनाची ओळ व्हायोलाला शोभते.

हक्कांचं विसरू नका. शूबर्ट मोकळा आहे, पण आजच्या रूपांतरकाराची छापील प्रत मोकळी नसते. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क मानणाऱ्या देशांत व्हिला-लोबोस (मृत्यू १९५९) २०२९ अखेरपर्यंत आणि पियाझोला (मृत्यू १९९२) २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सादरीकरणाचा परवाना बहुधा सभागृह काढतं. स्वतः केलेल्या रूपांतराची परवानगी प्रकाशकाकडून तुम्हालाच घ्यावी लागते, आणि त्याला महिने लागतात.

क्रम लावताना पहिली रचना अशी ठेवा की तिच्यात गिटार एकटीने सुरुवात करते. श्रोत्यांचा कान पहिल्या दोन मिनिटांत आवाजाची पातळी ठरवतो. सुरुवातच व्हायोलाच्या भरदार सुराने झाली तर त्यानंतरची गिटार लहानच वाटते. पूर्वार्ध ४० मिनिटं, उत्तरार्ध ३५, मध्यंतर १५. सहावी तार ई-वरून डी-वर उतरवावी लागणाऱ्या रचना एकाच अर्धात बसवा आणि बदल मध्यंतरात करा. उतरवलेली नायलॉन तार थोडा वेळ आपोआप वर चढत राहते. म्हणून ती लावल्यावर हलकेच ओढा, अर्धं मिनिट थांबा आणि पुन्हा तपासा.

आता माइक. शंभर-सव्वाशे श्रोते, लाकडी जमीन, शेवटची रांग १५ मीटरच्या आत, टाळीचा नाद साधारण दीड सेकंद रेंगाळतो, एवढं असेल तर वरची तयारी पुरे. दगडी चर्चसारख्या जागी नाद अडीच सेकंदांच्या पुढे जातो. तिथे अडचण आवाज कमी असण्याची नसून सूर एकमेकांत मिसळण्याची असते, आणि माइक ती वाढवतो. जलद भाग सावकाश घ्या, गज आखूड ठेवा. कोरडं, मोठं सभागृह किंवा उघडी जागा असेल तर माइक घ्या, पण फक्त गिटारला.

लहान कंडेन्सर माइक गिटारची मान खोडाला मिळते त्या बाराव्या फ्रेटच्या रोखाने, २५ ते ३० सेंटिमीटरवर ठेवा. मधल्या भोकासमोर ठेवलात तर गिटारच्या पोकळीचा १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा सगळं व्यापतो, आणि शिट्टी किंवा गुरगुर सुरू होते ती तिथूनच. माइकची पाठ व्हायोलाकडे यायला हवी. गिटार श्रोत्यांच्या डावीकडे असेल तर हे आपोआप जमतं, कारण मान व्हायोलाच्या बाजूलाच असते. एक छोटा स्पीकर गिटारवादकाच्या मागे मीटर-दीड मीटरवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला ठेवा. रंगमंचाच्या दोन टोकांचे मोठे स्पीकर नकोत. आवाज असा ठेवा की चालू असताना कोणाला कळू नये आणि बंद केल्यावर मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटावं.

प्रवासाचं थोडक्यात. वाद्याच्या पेटीत सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ४०च्या खाली गिटारला चिरा पडण्याचा धोका असतो. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा, अंदाजावर जाऊ नका. गिटारची पेटी मीटरभर लांब असते आणि विमानाच्या हातसामानाच्या मापात बसत नाही. अमेरिकेत जागा असेल तर वाद्य आत नेऊ देण्याचा नियम आहे. इतरत्र विमान कंपनीचं धोरण चालतं, म्हणून परवानगी लेखी घ्या किंवा जास्तीचं आसन घ्या. सामानात टाकायचीच वेळ आली तर गिटारच्या तारा एक-दोन सुरांनी सैल करा आणि डोक्याखाली कापड भरा. व्हायोलाच्या सगळ्या तारा एकदम सैल करू नका. आतला आधारदांडा केवळ दाबावर उभा असतो, दाब गेला की तो पडतो आणि मग कारागीर शोधत फिरावं लागतं.

सीमा ओलांडणार असाल तर लाकडाचे कागद आधी बघा. ब्राझिलियन रोझवुड १९९२पासून साइटीजच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. त्याची गिटार असेल तर प्रमाणपत्राशिवाय निघू नका. इतर बऱ्याच रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असू शकतं. शंका असेल तर तो गज घरी ठेवा आणि कार्बन फायबरचा न्या. गजाच्या पर्नाम्बुको लाकडाचे नियम बदलत असतात, निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा तपासा. स्वरलिपी टॅबलेटवर असेल तर त्याची बॅटरी हातसामानात, आणि छापील प्रत दोघांच्या वेगवेगळ्या पिशव्यांत.

गिटारवादकाच्या उजव्या हाताचं नख तुटणं हे या दौऱ्यातलं सर्वांत साधं आणि सर्वांत महागडं संकट. तुटलेल्या नखाच्या जागी चिकटवायला टेबल टेनिसच्या चेंडूचा नखाच्या आकाराचा तुकडा, सायनोअॅक्रिलेट गोंद आणि अगदी बारीक पॉलिश कागद वाद्याच्या पेटीतच असू द्या, कपड्यांच्या बॅगेत नको. पाय ठेवायच्या स्टुलाऐवजी मांडीवर बसणारा आधार वापरलात तर एक वस्तू कमी होते आणि पानं उलटायच्या पेडलसाठी पाय मोकळा मिळतो.

प्रत्येक सभागृहाला आधी एवढंच लिहून पाठवा: हात नसलेल्या, ४५ सेंटिमीटरच्या आसपास उंचीच्या, करकर न करणाऱ्या दोन खुर्च्या, वाचण्यापुरता उजेड, आणि वातानुकूलन यंत्र वादनाच्या वेळी बंद करता येईल का. तिसरा मुद्दा सोडू नका. यंत्राच्या सततच्या घरघरीत गिटारचे विझणारे सूर सर्वांत आधी जातात, आणि ते बंद केल्याने जे मिळतं ते कुठल्याही माइकने मिळत नाही.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास वाजवण्यात घालवू नका. यंत्र बंद करून टाळी वाजवा, खुर्च्या मांडा, आणि शूबर्टच्या पहिल्या भागातली व्हायोला खर्जात असतानाची दोन मिनिटं वाजवा. त्या वेळी कोणीतरी मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून ऐकावं. त्याला 'आवाज कसा आहे' असं विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. 'गिटारचा खालचा सूर कधी बदलला ते हात वर करून दाखवा' असं सांगा. हात वर होत नसेल तर आधी गज, मग जागा, मग कॉर्डमधले सूर, आणि तरीही नाहीच जमलं तर माइक. जमलं की खुर्च्यांच्या पायांशी टेपच्या खुणा करा, कारण मध्यंतरात कोणीतरी त्या हलवतंच.